मदत हवी आहे: काबूलहून जलालाबाद, दोघांसाठी दोन मुक्काम

सह्यवेडा

नमस्कार मंडळी. काबूलला चार दिवस आणि तिथून जलालाबादला दोन मुक्काम असा बेत आखतोय. आम्ही नवरा-बायको, दोघांचे पासपोर्ट भारतीय. बायको पूर्ण शाकाहारी. बादशाह खानांची (सरहद्द गांधी) कबर, हड्डाचे बौद्ध अवशेष, दारुंता धरण आणि जमलं तर नदीकाठचा बाजार, एवढंच बघायचं आहे. सुट्टी जुलैमध्ये मिळते.

शंका अशा: पेशावरकडून तोरखममार्गे (पाक-अफगाण सीमानाका) शिरता येईल का? परवाना नेमका कुठून काढायचा? काबूल-जलालाबाद रस्ता दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखा आहे का? बायकोला कुठे अडवतील? आणि खायचं काय?

काबुलीचणा

तोरखम आधी नकाशावरून पुसून टाका. अंतर मोहात पाडतं, तोरखम ते जलालाबाद जेमतेम ७५ किमी. पण अटारी-वाघा एप्रिल २०२५ पासून बंद, आणि ऑक्टोबर २०२५ च्या पाक-अफगाण चकमकींनंतर तोरखमही बंद झालं. उद्या उघडलं तरी भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून हा रस्ता धरायचा नाही. जलालाबादला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. म्हणजे दिल्ली-काबूल थेट विमान (आरियाना किंवा काम एअर) आणि पुढे रस्ता, एवढाच पर्याय उरतो.

व्हिसासाठी मुंबईतल्या अफगाण वकिलातीत विचारा. पर्यटक व्हिसा साधारण ३० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा मिळतो. म्हणून मधेच दुसऱ्या देशात जाऊन परत यायचा बेत त्यात बसवू नका.

आता परवाना. व्हिसा असला म्हणजे देशभर फिरायची मुभा मिळाली असं नाही, आणि लोक फसतात ते इथेच. काबूलला उतरल्यावर माहिती व संस्कृती मंत्रालयात जायचं. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, फोटो आणि कुठल्या प्रांतात किती दिवस याची यादी द्यायची. प्रांतांची नावं घातलेलं पत्र मिळतं. जलालाबाद नंगरहार प्रांतात येतं, पण काबूलहून येणारा रस्ता मधे लघमान प्रांतातल्या करघाई भागातून जातो. तेव्हा पत्रात नंगरहारबरोबर लघमानही लिहून घ्या. वाटेत गाडी बिघडली आणि तिथे थांबावं लागलं तर नाक्यावर वाद नको.

पत्र हातात पडलं की तिथेच तीन गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, दोघांचीही नावं आहेत का, आणि तारखा. तारखा हिजरी पंचांगाने लिहिलेल्या असतात. एका दिवसाचा फरक पडला तरी नाक्यावरचा माणूस परत पाठवू शकतो. मूळ पत्र पिशवीत ठेवा आणि हातात द्यायला पाच-सहा झेरॉक्स ठेवा, कारण एखादी प्रत नाक्यावरच राहते.

जलालाबादला पोचल्यावर खोलीत पाय पसरायच्या आधी प्रांताच्या माहिती व संस्कृती कार्यालयात हजेरी लावायची. तिथे स्थानिक शिक्का मिळाला की पुढचं सगळं सोपं. शुक्रवारी कार्यालयं बंद, गुरुवारी दुपारनंतर कोणी भेटेलच असं नाही. म्हणून काबूलहून रविवारी किंवा सोमवारी निघा. आणि घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे करा.

गंधारपंचम

जुलै नको. जलालाबाद समुद्रसपाटीपासून ५७५ मीटरच्या आसपास, काबूल १८०० मीटरच्या जवळपास. काबूलच्या हवेवर अंदाज बांधून जुलैत खाली उतरलात तर ४० अंशांच्या वर भाजून निघाल. वीज जाते, त्यामुळे हॉटेलवाल्याने एसी आहे म्हटलं तरी तो चालेलच असं नाही. काबूलचे अमीर, म्हणजे तिथले राजे, थंडी टाळायला इथे येऊन राहायचे, यातच सगळं आलं. नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी हा खरा मोसम. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये नारंजाची, म्हणजे आंबट संत्र्याची, फुलं येतात. तेव्हा शहराला वेगळाच वास असतो आणि या फुलांच्या निमित्ताने पश्तो मुशायऱ्याची जुनी परंपराही आहे. फक्त रमजान कधी येतोय ते बघा. दिवसा चहाचीही सोय होणार नाही.

बघायच्या जागांबद्दल स्पष्ट लिहितो. हड्डा शहराच्या दक्षिणेला १० किमीवर. अजिंठा-वेरूळसारखं काही उभं मिळेल या आशेने जाऊ नका. १९२६ ते १९२८ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बार्तू यांनी इथल्या स्तूपांतून चुन्याच्या लेपातली हजारो शिल्पं काढली. ती आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आणि काबूलच्या संग्रहालयात आहेत. तापा शोतोर या टेकडीवर ग्रीक वीर हेराक्लिसच्या थाटात बसलेला वज्रपाणी (बुद्धाचा रक्षक) होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या युद्धात गेला. आता मातीचे उंचवटे आणि खड्डे उरलेत. म्हणून क्रम उलटा करा: आधी काबूलच्या संग्रहालयात हड्डाची शिल्पं बघा, मग जागा बघा. नाहीतर तासभर उन्हात उभं राहून 'यासाठी आलो का' असं वाटेल. आणि मळलेली पायवाट सोडायची नाही. न फुटलेला दारूगोळा या भागात जमिनीत आहे. लाल रंगवलेला दगड दिसला की तिथूनच मागे फिरायचं.

ह्युएनत्सांगने ज्याला नगरहार म्हटलं तो हाच प्रदेश. दारुंताच्या बाजूला बिमरानचा स्तूप आहे. १८३४ मध्ये चार्ल्स मॅसनला तिथे सोन्याचा, रत्नं जडवलेला करंडक (लहान डबी) मिळाला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जागेवर तेही फारसं काही नाही.

बादशाह खानांची कबर शीशम बाग भागात, त्यांच्या घराच्या आवारात आहे. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन इथे. आपल्याकडचा धागा म्हणजे ते १९३४ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे राहत होते आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना अटकही तिथेच झाली. कबरीला भेट द्यायचा हेतू परवाना काढताना आणि स्थानिक कार्यालयात आधीच सांगा. ऐनवेळी रिक्षावाल्याला पत्ता विचारत फिरणं बरं दिसत नाही. अमीर हबीबुल्ला आणि अमानुल्ला हे बापलेकही याच शहरात, एकाच बागेत पुरलेले आहेत.

जाता जाता: १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेल्या ब्रिटिश लवाजम्यातला डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत पोचला तो याच जलालाबादच्या कोटाशी. त्या पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणजे आपल्या कुलाब्याचं अफगाण चर्च.

काबुलीचणा

रस्त्याबद्दल. अंतर साधारण १५० किमी, वेळ साडेतीन ते चार तास, मालट्रकांची रांग लागली तर पाचही. दिवसात जाऊन-येऊन करू नका. परतताना अंधार पडतो आणि या रस्त्यावर अंधारात असूच नये. काबूल सोडल्यावर माहीपरची खिंड लागते. नदी खाली, कडा वर, मधे वळणं आणि बोगदे. बोगद्यांत उजेड भरवशाचा नाही. ट्रकला ओलांडायला समोरून कोरोला भरधाव येतात, अपघात होतात ते असेच. खिंडीनंतर सरोबी, मग नदीकाठाने दारुंताचा बोगदा. तो संपला की हवा एकदम गरम आणि दोन्ही बाजूंना हिरवं रान.

सामायिक टॅक्सी काबूलच्या पूर्वेकडच्या जलालाबाद अड्ड्यावरून सुटतात. बहुतेक टोयोटा कोरोला, चार प्रवासी भरले की निघते. तुम्ही दोघं असाल तर मागच्या तिन्ही सीटचे पैसे भरा म्हणजे वहिनींशेजारी परका माणूस बसणार नाही. चालकालाही तेच सोयीचं, कारण नाक्यावर जाब त्याला द्यावा लागतो. सकाळी सातच्या आत निघा. वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी.

शहरात रिक्षा, आणि त्या बघण्यासारख्या: रंगवलेल्या, झालरी लावलेल्या. भाडं चढण्याआधी ठरवा. उर्दू इथे काबूलपेक्षा जास्त चालते, कारण पुष्कळ लोक वर्षानुवर्षं पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहून आलेत. तरी 'त्सो दा?' (कितीला?) आणि 'मनना' (आभार) एवढं पश्तो पाठ करा.

पैसे: आपलं कार्ड विसरा. डॉलर न्या, नव्या कोऱ्या नोटा, घडी किंवा शाईचा डाग नसलेल्या, आणि काबूलच्या सराय शहजादा बाजारात बदला. जलालाबादच्या बाजारात पूर्वी पाकिस्तानी रुपया सर्रास चालायचा, त्याला 'कलदार' म्हणतात. कोणी सुटे म्हणून कलदार देऊ लागला तर घेऊ नका, अफगाणीच मागा.

सिम काबूललाच घ्या. पण फोनवर विसंबू नका. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी देशभरातलं इंटरनेट जवळपास ४८ तास बंद होतं. नकाशा उतरवून ठेवा, पत्ते पश्तोत लिहिलेला कागद खिशात ठेवा, परतीचं तिकीट छापून न्या.

मीठमिरची

वहिनींच्या बाजूने लिहिते. जलालाबाद काबूलपेक्षा बरंच कर्मठ. केस पूर्ण झाकणारा मोठा रुमाल आणि पायघोळ अबाया न्याच. पंजाबी ड्रेसवर ओढणी एवढ्याने भागणार नाही. नोव्हेंबर २०२२ पासून बायकांना सार्वजनिक उद्यानांत बंदी आहे. सिराजुल इमारत (अमीरांच्या जुन्या वाड्याची बाग) किंवा अमीरांची कबर असलेली बाग बायकोला दारावरूनच बघावी लागेल असं धरूनच चला. ७२ किमीपेक्षा लांबच्या प्रवासाला महरम, म्हणजे नवरा, बाप किंवा भाऊ, सोबत लागतो. तुम्ही सोबत आहातच, पण ते कागदावर दिसायला हवं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर एकमेकांची नावं नसतील किंवा आडनावं वेगळी असतील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं दरी किंवा पश्तो भाषांतर ठेवा. नाक्यावर इंग्रजी वाचणारा असेलच असं नाही.

फोटो: माणसांचे नको, बायकांचे तर अजिबात नको. पूल, नाके, धरणाची भिंत, गणवेशातले लोक, तेही नको. ऑगस्ट २०२४ च्या नैतिकता कायद्यात सजीवांची चित्रं प्रसिद्ध करण्यावरच बंदी आहे. कॅमेरा पिशवीत ठेवा, विचारून काढा.

खाणं. इथे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. काबुली पुलाव समोर येतो: लांब दाण्याचा भात, वर गाजराच्या गोड काड्या, मनुका. 'मांस बाजूला काढून द्या' म्हटलं की ते आनंदाने काढून देतात. पण भात शिजलेला असतो मांसाच्या रश्शातच, आणि तुकडा भाताच्या पोटात पुरलेला असतो. म्हणून पुलाव नकोच. बामिया (भेंडी), बोरानी बंजान (वांगं, वर दही), लोबिया, कचालू म्हणजे बटाटा, हे मागा आणि 'ग्वखा ना खोरम' (मी मांस खात नाही) म्हणा. भाजीत चरबी नको हेही वेगळं सांगा. तंदूरची रोटी, दही, कांदा-टोमॅटो कुठेही मिळतं. सोबत मेतकूट आणि लोणचं असेल तर दोन दिवस आरामात निघतात. फॅमिलीसाठी पडदा किंवा वेगळी खोली असलेलं हॉटेलच निवडा.

तुम्ही मासे खात असाल तर दारुंता सोडू नका. शहराच्या पश्चिमेला ७-८ किमी, धरणाजवळ ओळीने दुकानं. मासा समोर कापून, मसाला लावून मोठ्या कढईत तळतात. हिवाळ्यात अफगाण लोक तळलेल्या माशाबरोबर जिलबी खातात. ऐकून नाक मुरडू नका.

गंधारपंचम

तब्येत आणि धोका, दोन्ही राहिले. नंगरहारमध्ये मलेरिया भरपूर आहे, एप्रिल ते नोव्हेंबर जास्त. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, डास पळवायचं मलम न्या. अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे, त्यामुळे पोलिओचा तोंडावाटे डोस निघण्याआधी किमान चार आठवडे घेऊन दाखला सोबत ठेवा; हे शेवटच्या आठवड्यात आठवलं की पंचाईत. नळाचं पाणी पिऊ नका, काबूल नदीत हातपाय धुवायलाही उतरू नका. शहरांचं सांडपाणी तीतच येतं आणि वसंतात बर्फ वितळलं की पाणी ओढीचं होतं.

आणि हे सगळं सांगितलं तरी: भारत सरकारचा सल्ला अफगाणिस्तानला जाऊ नये असाच आहे. इस्लामिक स्टेटच्या खोरासान गटाचा मूळ तळ नंगरहारच होता. १७ मे २०२४ ला बामियानच्या बाजारात तीन स्पॅनिश पर्यटक मारले गेले, आणि बामियान तर शांत समजलं जायचं. ३१ ऑगस्ट २०२५ च्या ६.० तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र जलालाबादपासून २७ किमीवर होतं. शहरातली भारतीय वकिलात २०२० मध्येच बंद झाली, म्हणजे अडचण आली तर मदत काबूलला, चार तासांवर. प्रवासविम्याची प्रत नीट वाचा. बहुतेक पॉलिसींत युद्ध आणि दहशतवाद वगळलेले असतात.

सह्यवेडा

सगळ्यांचे आभार. तोरखम आणि जुलै दोन्ही रद्द. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रविवारी काबूलहून निघायचं ठरवतोय. शेवटचं एकच: हड्डा आणि दारुंता एका दिवसात बसतील का, आणि रिक्षाने की टॅक्सीने?

काबुलीचणा

बसतील, पण एक दक्षिणेला आणि एक पश्चिमेला, त्यामुळे प्रत्येक वेळी शहरात परत यावं लागतं. रविवारी दुपारी पोचून शिक्का घ्या, सोमवार फिरायला, मंगळवारी सकाळी परत. सोमवारी पूर्ण दिवसाची टॅक्सी ठरवा, रिक्षा नको. हड्डाच्या कच्च्या रस्त्यावर कंबर मोडेल. सकाळी आठला हड्डा, अकरापर्यंत परत, मग शीशम बाग, आणि दारुंता दुपारच्या जेवणाला. तीननंतर तिथून निघा. चालक हॉटेलवाल्याकडूनच घ्या, म्हणजे त्याचं नाव आणि गाडीचा नंबर हॉटेलच्या वहीत राहतो. निम्मे पैसे आधी, निम्मे हॉटेलच्या दारात उतरल्यावर.