मदत हवी आहे: ईसीएमच्या कपलरमध्ये इंजिन ऑइल येतंय, वायरिंगमध्ये शिरण्यापासून कसं थांबवायचं?

रानवाटा
मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. डिझेल गाडी आहे, गरम झाली की मिस मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ओढच जाते. ईसीएमचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मोठा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून बघितला तर आत चक्क इंजिन ऑइल, पिनांच्या मुळाशी साचलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्वच्छ केलं, गाडी झकास चालली, थोड्या दिवसांनी परत तेच. परत पुसलं, परत आलं. ईसीएम इंजिनपासून चांगला लांब आहे, आजूबाजूला कुठे गळती नाही, हार्नेसवरची (वायरींच्या जुडग्यावरची) टेप एकदम कोरडी. कपलर सील करायला काय वापरायचं एवढंच सांगा, गाडी रोज लागते. पूर्ण हार्नेस बदला हा सल्ला नको, तो मेकॅनिकने आधीच दिलाय.

टॅपेट_क्लिअरन्स
कुठलं इंजिन? डिझेल फवारणारे इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) आत आहेत का बाहेर? युनिट इंजेक्टरवालं (प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा पंप असलेलं) असेल तर उत्तर सरळ आहे. त्या इंजिनांत इंजेक्टरचा लूम (वायरींचा जुडगा) कव्हरखाली सतत गरम तेलात भिजत असतो, वर्षानुवर्षांनी इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, तेल वायरच्या आत शिरतं आणि थेट ईसीएमपर्यंत जातं. आतला लूम बदला, कव्हरचं गॅस्केट नवीन टाका, विषय संपला. मी माझ्या गाडीला हेच केलं.

पक्कं_काम
एवढं खोलायची काही गरज नाही. कपलर कोरडा करा, मागच्या बाजूने जिथे वायरी शिरतात तिथे सिलिकॉन सीलंट गच्च भरा, रात्रभर सुकू द्या. पाणी आत जात नाही तिथे तेल काय जाणार.

वायरमन_जुना
@पक्कं_काम, कृपया असं सांगू नका, एखादा खरंच करून बसेल. एक म्हणजे आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. दुसरं जास्त महत्त्वाचं: तेल बाहेरून येतच नाहीये, ते वायरच्या आतून येतंय. वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ, तारांच्या मध्ये फटी आणि वरून प्लास्टिकचं आवरण, त्यामुळे दिव्याच्या वातीसारखी ती तेल ओढत जाते. म्हणून तर टेप कोरडी दिसते. मागून गच्च बंद केलंत की येणारं तेल पिनांवाटे ईसीएमच्या डब्यात शिरेल, मग हार्नेस राहिला बाजूला, ईसीएमच बदलावा लागेल.

पक्कं_काम
आंबट वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन पण मिळतं की. माझ्या ट्रॅक्टरच्या कपलरला लावलंय, अजून काही झालेलं नाही.

वायरमन_जुना
तुमच्याकडे पाणी शिरत होतं की तेल? पाण्यासाठी ठीक आहे. इथे मुळात तेल कुठून शिरतंय ते शोधायचंय, त्याचं तोंड बंद करून उपयोग नाही.

मल्टिग्रेड
ऑइल कुठलं वापरता? पातळ ग्रेड असेल तर असंच झिरपणार. १५डब्ल्यू-४० या जाड ग्रेडवर या.

टॅपेट_क्लिअरन्स
@मल्टिग्रेड, गरम झाल्यावर सगळीच ऑइल्स अशा फटीत शिरण्याइतकी पातळ असतात हो. कंपनीने पुस्तकात जी ग्रेड दिलीय तीच ठेवावी, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइलच हवं, नाहीतर फिल्टर चोंदतो.

मल्टिग्रेड
डीपीएफचं मी बोललोच नाही. आणि जुन्या इंजिनांना जाड ऑइल मानवतं हा माझा अनुभव आहे, आवाजसुद्धा कमी होतो.

शेतावरून
उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते आधी बघा. बॉनेटमध्ये डांबरगोळ्या ठेवा. आमच्याकडे अख्खी वायरिंग खाल्ली होती.

रानवाटा
उंदीर नाहीत, ऑइल पुस्तकाप्रमाणेच आहे. इंजिन कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून डिझेल) आहे, इंजेक्टर बाहेरून दिसतात, इंजेक्टरचे कपलर काढून पाहिले, सगळे कोरडे. म्हणजे आतल्या लूमचा प्रश्नच नाही. मग सील करू की नको?

टॅपेट_क्लिअरन्स
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर बरं झालं असतं. ब्रीदर (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तपासा. ब्रीदर चोंदला की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) प्रेशर वाढतं आणि तेल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, जोरात फुंकल्यासारखी हवा येते का.

वायरमन_जुना
ब्रीदर बघाच, पण त्याआधी एक करा. ईसीएमचा कपलर काढा, पूर्ण कोरडा करा, एकेक पिनेच्या खोबणीत टिश्यूची बारीक सुरळी घालून ठेवा आणि तसाच तोंड खाली करून टांगून ठेवा. सकाळी नेमक्या कुठल्या सुरळ्या तेलकट झाल्यात ते बघा. सगळ्या पिना एकदम ओल्या होत नसतात, एकदोन वायरीच तेल आणतात आणि ते मग आत पसरतं. त्या वायरींचे रंग धरून दुसऱ्या टोकाला कुठला सेन्सर आहे ते शोधा, चोर तिथेच सापडतो. आणि जिथे तेलाशी संबंध येतो असे सेन्सर किती आहेत? ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर, लेव्हल, कॅम सेन्सर. ऑइल प्रेशरचा काटा नीट चालतो ना?

रानवाटा
काटा मधूनच शून्यावर जातो, पण ते जुनं दुखणं आहे, सेन्सरचा लोचा आहे असं मेकॅनिक म्हणाला, त्याचं नंतर बघणार आहे. आधी हे मिसिंग मिटवायचंय.

वायरमन_जुना
अहो हेच ते! आधी तो कपलर काढा. ऑइल प्रेशर सेन्सरच्या आत एक पातळ पडदा असतो, एका बाजूला दाबातलं तेल आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रिकचा भाग. पडदा किंवा त्याचं आतलं सील गेलं की तेल सेन्सरमधूनच कपलरमध्ये येतं. आणि हे कव्हरखालच्या तेलासारखं नुसतं झिरपत नाही, ऑइल पंपाचा दाब असतो मागे, चालू इंजिनला तीन-चार बारसुद्धा असतो, तो तेल वायरीत अक्षरशः ढकलतो. कपलरच्या मागची रबरी सीलं चांगली असतील तर अजून वाईट, कारण बाहेर यायला वाट नसते, सगळं वायरीच्या आतच जातं.

टॅपेट_क्लिअरन्स
+१. पण काटा शून्यावर जातोय म्हणजे सेन्सरच खराब असं धरून चालू नका. सेन्सर काढाल तेव्हा त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघा, गार आणि गरम दोन्ही. खरंच प्रेशर जात असेल तर वायरिंगची चिंता करायला इंजिन उरणार नाही.

रानवाटा
कपलर काढला. आतून काळं तेल ओघळलं, बोट बुडेल एवढं. सेन्सर बाहेरून मात्र कोरडा, म्हणून आजवर कुणाला शंका आली नसावी. टिश्यूचा प्रयोग पण केला, त्याच सेन्सरच्या वायरींच्या सुरळ्या काळ्या झाल्या, शेजारच्या दोन थोड्या डागाळल्या, बाकी पांढऱ्या. गेजवर प्रेशर गार-गरम दोन्ही व्यवस्थित आहे. आता सेन्सर बदलला की काम झालं ना?

वायरमन_जुना
सेन्सर बदलल्यावर नवीन तेल येणं थांबेल, पण वायरीत जे भरलंय ते बराच काळ निथळत राहणार. त्या वायरींचं सेन्सरकडचं टोक आणि कपलर बदला, जमलं तर ईसीएमपर्यंत तेवढ्याच वायरी नवीन ओढा. अख्खा हार्नेस नको. आणि जोड देताना तारा उघड्या करून त्यात कथील पूर्ण मुरवा, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). कथील तारांमधल्या फटी बुजवतं, तेलाची वाट तिथेच तुटते. नुसत्या क्रिंपने (दाबून बसवलेल्या जोडाने) तुटत नाही.

पक्कं_काम
इंजिनवर सोल्डर? व्हायब्रेशनने जिथे कथील संपतं तिथे वायर तुटते. क्रिंपच बरं.

वायरमन_जुना
हा मुद्दा बरोबर आहे तुमचा, म्हणूनच जोड इंजिनवर लोंबता ठेवायचा नाही. बॉडीच्या बाजूला, दोन्ही अंगांना क्लिप मारून पक्का बांधायचा, म्हणजे तो वाकणारच नाही. क्रिंप करून त्यावर कथील मुरवलं तरी चालेल.

मल्टिग्रेड
ऑइल बदलणार असाल तर याच वेळी ग्रेडचा पण विचार करा.

रानवाटा
ऑइल आत्ताच बदललंय. वायर साधी पीव्हीसी चालेल का? आणि ईसीएमची बाजू कशाने साफ करू, ब्रेक क्लीनर आहे घरात.

वायरमन_जुना
ब्रेक क्लीनर नको, काही प्लास्टिक आणि रबरी सीलं खातो. प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढून करा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय कपलर बसवू नका. साधी पीव्हीसी साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंतचीच असते आणि तेलाने कडक होते, इंजिनजवळ क्रॉसलिंक्ड (जास्त उष्णता सोसणाऱ्या) इन्सुलेशनची वायर घ्या. ईसीएमच्या अलीकडे वायर जरा खाली झोल देऊन मग वर न्या. सुरुवातीला दर आठवड्याला टिश्यू घालून बघत जा, पांढरा निघायला लागला की थांबा. तेलाने फुगलेली कपलरची सीलं मात्र आत्ताच बदला, ती पुन्हा नीट बसत नाहीत.

शेतावरून
आणि उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवाच, नवीन वायर लगेच खातात.