कबड्डीचा चालू सामना साध्या अ‍ॅनिमेशनमध्ये दाखवायचाय, काय वापरू?

रानपाखरू:
मंडळी, आमच्या गावची स्पर्धा सुरू झाली की बाहेरगावी नोकरीला असलेली पोरं फोन करकरून गुण विचारतात. मैदानावर नेटवर्क तोकडं, व्हिडिओ अडकत राहतो. म्हणून वरून दिसणारं मैदान, चौदा ठिपके आणि गुणफलक एवढंच ब्राउझरमध्ये हलतं दाखवावं म्हणतोय. जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येते, पायथन कामापुरती. जवळ एक लॅपटॉप, दोन मोबाईल. कसं करू?

चौथा कोपरा:
ऑस्ट्रेलियन ओपनवाले टेनिसचे सामने असेच कार्टूनसारखे करून यूट्यूबवर दाखवतात. त्यांच्याकडे १२ कॅमेरे आणि शरीरावरचे २९ बिंदू टिपणारी यंत्रणा आहे, तुम्हाला तेवढं नको. मोबाईल उंचावर घट्ट बांधा, मॅटचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. ते एकदा क्लिक करून १३ बाय १० मीटरच्या आराखड्याशी जुळवले की पुढचं गणित ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीतली होमोग्राफी करते, म्हणजे तिरकं दिसणारं मैदान सपाट आराखड्यावर बसवते. माणसं योलोने शोधा, हे चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल प्रत्येकाभोवती चौकट काढतं. मात्र त्या चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य घ्या, पाय तिथे असतात. डोकं धरलंत तर ठिपका भलतीकडेच पडेल.

लोण चढवा:
हे टेनिसला ठीक. कबड्डीत पकड झाली की पाच-सहा जण एकमेकांवर पडतात, उठल्यावर कुठला ठिपका कुणाचा हे संगणकाला सांगता येत नाही. बोनसचं तर विचारूच नका. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी दुसरा हवेत, हे मोबाईलच्या कॅमेऱ्यावर सोडू नका, पंचांचा हात बघा.

माझं ऐकाल तर गुणलेखकाशेजारी खेळ कळणारी दोन पोरं बसवा. एकाने बटणं दाबायची: स्पर्श, बोनस, पकड, रिकामी चढाई. दुसऱ्याने स्क्रीनवरच्या मैदानावर चढाईपटूचा ठिपका बोटाने फिरवायचा. सेकंदाला पाच वेळा जागा पाठवली तरी पुरते, मधली हालचाल बघणाऱ्याचा ब्राउझर भरून काढतो. वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) जाणारा मजकूर इतका छोटा असतो की तुमचं नेटवर्क तो सहज पेलेल.

नियम कोडमध्येच घाला. बचावात सहापेक्षा कमी खेळाडू उरले की बोनसचं बटण बंद. बाद झालेले ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात, म्हणजे साधी रांग. लोण झाला, म्हणजे एक संघ पूर्ण बाद झाला, की समोरच्याला दोन गुण आणि बाद झालेला सगळा संघ परत आत.

रानपाखरू:
बोटाची कल्पना फार आवडली! आमच्याकडे अशी पोरं आहेत. पण पंचांनी निर्णय फिरवला तर?

लोण चढवा:
नुसते गुण साठवू नका, प्रत्येक घटना क्रमाने साठवा. चुकीची घटना काढून टाकली की पहिल्यापासून पुन्हा मोजायचं, गुण आणि बाद खेळाडू दोन्ही आपोआप दुरुस्त होतात. ‘मागे घ्या’ हे बटण मात्र मोठं ठेवा.

चौथा कोपरा:
हे पटलं. कॅमेरा पुढच्या वर्षी. स्पर्धेआधी जुन्या रेकॉर्डिंगवर पोरांचा हात बसवून घ्या, ३० सेकंदांच्या चढाईत बोट थांबून चालत नाही.