एग-मोर्त ते सेत, सायकल आणि बोट: गुडघ्यांना झेपेल का?

प्रश्न: आम्ही सहा जण, सगळे पन्नाशीपुढचे, सप्टेंबरात दक्षिण फ्रान्सला जातोय, दिवसा सायकल आणि रात्री कालव्यातल्या बोटीवर मुक्काम. गुडघे साथ देतील ना?

उत्तर: देतील हो, सगळा सपाट रस्ता आहे! खरा त्रास वाऱ्याचा, मिस्त्राल हा तिकडचा जोराचा वारा समोरून सुटला की पायडल मारून जीव जातो, एक-दोघांना तरी इ-बाईक, म्हणजे बॅटरीची सायकल, घ्याच.

उत्तर: वाटेतलं मागलोनचं जुनं कॅथेड्रल बघाच, चहूकडे पाणी आणि खाऱ्या तळ्यांत फ्लेमिंगो, मी तर सायकल टेकवून नुसता बघत बसलो होतो. संध्याकाळी डास फार, मलम न्या.

उत्तर: शाकाहारी असाल तर बोटवाल्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा, तिकडे जेवणात मासे-शिंपले खूप.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, इ-बाईक आजच विचारतो!