वसईच्या खाडीपुलाशी १७३९चा फलक हवा की नको?

बोरिवलीकर
गेली अकरा वर्षं बोरिवली-वसई अप-डाउन करतोय. भाईंदर सुटलं की गाडी पुलावर चढते, चाकांचा आवाज बदलतो, दारातली माणसं खारा वारा अंगावर घेतात. परवा शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला विचारलं, इथे काय झालं होतं माहीत आहे का? त्याला ठाऊक नव्हतं. त्याला सांगितलं कोणी?

माझं म्हणणं असं, की घोडबंदरजवळ हायवेच्या पुलाच्या मुंबईकडच्या टोकाला, गाडी बाजूला घेता येईल अशा जागी एक दगडी फलक बसवावा. उल्हास नदीचं पाणी इथून समुद्राला जातं. अलीकडे साष्टी (बोरिवली ते ठाणं आज ज्या बेटावर आहे ते), पलीकडे वसई, दोन्ही तेव्हा पोर्तुगीजांची. १७३७ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. मुंबईच्या इंग्रजांनी असा धसका घेतला की कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढून दिले. आपण ज्याला आजही फोर्ट म्हणतो, त्याच कोटाची ही गोष्ट. मुंबईकराला हे मुंबईच्या वेशीवरच वाचायला मिळालं पाहिजे.

तटाखालचा
दादा, तळमळ समजते, पण माझा विरोध आहे. महिन्यातून एक रविवार मी वसईच्या किल्ल्यात श्रमदानाला असतो. तटाच्या सांध्यात पिंपळाची मुळं मनगटाएवढी झाली आहेत, ओढली तर दगड सोबत येतो. पैसा आधी तिकडे जाऊ द्या.

दुसरं, जागाच चुकीची. तो पूल किल्ल्यापासून कितीतरी मैल आत. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी, म्हणून अप्पांचा मारा उत्तरेच्या, जमिनीकडच्या तटावर होता. सुरुंग तिथेच ठासले, माणसं तिथेच पडली. जिथे रक्त सांडलं ती जागा ओस ठेवून ट्रॅफिकमध्ये दगड उभा करणं मला पटत नाही. दोन वर्षांत त्याच्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतील.

बोरिवलीकर
मारा तटावर झाला, कबूल. पण वसईची कोंडी पाण्याने झाली. खाडीच्या तोंडाशी, भाईंदर-उत्तन बाजूला धारावीचा किल्ला होता (झोपडपट्टीची धारावी नव्हे). मार्च १७३९ला तो पडला आणि खाडीच्या तोंडावर मराठ्यांच्या तोफा आल्या. त्यानंतर वसईला बाहेरून रसद पोचवणं किती कठीण झालं असेल, सांगा. नुसत्या बुरुजाखाली उभं राहून हे कळत नाही, त्यासाठी पाणी समोर दिसावं लागतं.

पाणजूचा
आमचं गाव रेल्वेच्या दोन पुलांच्या मध्ये, बेटावर. चालत्या गाडीतून लोक नारळ आणि निर्माल्य फेकतात, ते आमच्या माणसांना लागतं. फलक कुठेही लावा, पण रेल्वेपुलाला आधी जाळी लावा.

वसईची लेक
मी वसईची ख्रिस्ती. फलकाला माझा विरोध नाही, मजकुराची मात्र धास्ती आहे. "परकीयांना हाकललं" एवढंच लिहून मोकळे व्हाल. पोर्तुगीज गेले, आम्ही इथेच राहिलो, इथल्याच वाड्यांत, इथलीच मराठी बोलत. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीला, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेला, हत्यारांसह, निशाणं फडकवत आणि नगारे वाजवत बाहेर पडू दिलं होतं. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती. हे कोणी सांगत नाही.

आणि घंटा! नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला आमच्याकडच्या चर्चच्या घंटा आहेत, वसई जिंकल्यावर मराठ्यांनी नेलेल्या. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मी त्या घंटेवर हात फिरवला. धातू उन्हाने तापला होता, बोटाखाली १७०७चे आकडे लागले. तिथे कोणी वाजवली असती तर मला रडू आलं असतं. राग नव्हता. आपल्या घरची वस्तू परक्या घरी नीट जपलेली दिसावी, तसं झालं.

भगवा झेंडा
ताई, भावनेचा आदर आहे. पण रणावरचा फलक लढवय्यांसाठी असतो, तहाची कलमं पुस्तकात वाचावीत. अप्पांचं ते वाक्य कोरा: किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने किल्ल्यात पाडा. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे.

बोरिवलीकर
काटा माझ्याही अंगावर येतो. पण ते वाक्य परंपरेने सांगत आलेलं आहे. दगडावर कोरायचं तर "असं सांगतात" हे शब्द त्याच्या आधी हवेत. आणि एकट्या अप्पांचंच नाव नको. साष्टीच्या मोहिमेसाठी पेशव्यांच्या मागे लागलेले अंजूरचे गंगाजी नाईक याच खाडीकाठचे, त्यांचं नाव मुंबईत किती जणांना माहीत आहे? ताईंची अटींची ओळ मी घेतो, कारण जिंकल्यावर कसं वागले तेही लढाईतच मोजायला हवं. कच्चा मजकूर असा:

"१७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई पोर्तुगीजांकडून जिंकली. गंगाजी नाईक अंजूरकर आदी स्थानिकांनी मदत केली. सेनापती चिमाजी अप्पा. मे १७३९मध्ये वसईचा किल्ला शरण आला. शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले, राहणाऱ्यांना धर्मपालनाची मुभा दिली."

वसईची लेक
घंटांची एक ओळ घाला. आणि "पोर्तुगीज" हाच शब्द शेवटपर्यंत ठेवा, उद्या कोणी तिथे "ख्रिस्ती" करून टाकेल.

तटाखालचा
मजकूर मान्य, घंटांसकट. जागा अजून मान्य नाही. या रविवारी सकाळी सातला किल्ल्यात या, कोयता मी देतो. उत्तरेच्या तटाखाली उभे राहा आणि मग सांगा, दगड कुठे लावायचा.