गोळी उचला, खा, पुढे व्हा: याला शोक म्हणायचं का?

शिकागोकर: आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या संग्रहात चकचकीत रंगीत कागदांतल्या गोळ्यांचा एक ढीग आहे. क्यूबात जन्मलेल्या फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसची ही १९९१ची कलाकृती. नाव 'शीर्षकहीन', पुढे कंसात 'लॉस एंजेलिसमधल्या रॉसचं व्यक्तिचित्र'. रॉस लेकॉक हा त्याचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. धडधाकट रॉसचं वजन तेवढं, असं अनेकजण मानतात. आपण गोळी उचलायची, वाटलं तर तिथेच तोंडात टाकायची. ढीग झिजत जातो आणि संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. पुरवठा न संपणारा, असं कलाकारानेच ठरवून ठेवलंय. शोकाची इतकी खेळकर आणि इतकी निर्दय रीत मी दुसरी पाहिलेली नाही. तुमचं मत?

रोखठोक: फुकट गोळी म्हटल्यावर माणसं उचलणारच, त्यात शोक कसला? पाटी काढून घ्या, उरतो तो किराणा. कोणी गेलंय हे पाटीवरून कळत असेल तर कलाकृती म्हणजे पाटीच झाली की.

टवाळखोर: मधुमेहवाल्यांनी काय करायचं?

अबोली: @टवाळखोर, खिशात टाका, घरी पोरांना द्या.
@रोखठोक, पाटीचा विषय काढलात ते बरं झालं. २०२२ साली तिथल्या पाटीवरून रॉस आणि एड्स दोन्ही गायब झाले होते, उरलं होतं सरासरी पुरुषाचं वजन. लोकांनी बोंब मारली तेव्हा रॉस परत आला. नुसता किराणा असता तर कोण कशाला भांडलं असतं? आणि तो काळ आठवा. अध्यक्ष रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं १९८७मध्ये, तोवर तिथे २० हजारांहून जास्त माणसं गेली होती. रोग्याला हात लावायला लोक घाबरायचे. अशा वेळी हा माणूस म्हणतो, त्याला तोंडात घाला!

मधली_आळी: आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घाटावर काय चालतं बघितलंय ना? 'धाकटीचं लग्न करून देऊ', 'बागेला पाणी घालू', एकेक कबुली देऊन बघायची. शेवटी कोणीतरी 'तुमची तपकिरीची डबी जपून ठेवू' म्हणतो आणि कावळा येतो. रडता रडता सगळे हसतात. खेळ आणि शोक वेगळे असतात हे कोणी सांगितलं?

रोखठोक: उदाहरण चांगलंय, पण ते माझ्याच बाजूचं. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण झालं की माणूस कामाला लागतो. रीत असते ती संपवण्यासाठी. इथे ढीग पुन्हा पुन्हा भरायचा. मेलेल्याला सुटकाच नाही.

शिकागोकर: भरायलाच हवा असा नियम नाही. कधी भरायचा, भरायचा की नाही, हे ज्याच्या ताब्यात काम आहे त्याने ठरवायचं. म्हणजे रॉसचं अमरत्व दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेलं. मला तर हे स्वर्ग-मोक्षापेक्षा खरं वाटतं. वर्षश्राद्ध तरी आपोआप होतं का? कोणीतरी तारीख लक्षात ठेवावी लागते.

रोखठोक: पण इथे लक्षात ठेवणारा कोण? गोन्झालेझ-टोरेस स्वतः १९९६मध्ये एड्सनेच गेला, अवघ्या ३८व्या वर्षी. आता खोकी फोडून गोळ्या ओततो तो संग्रहालयाचा नोकर. त्याचा रॉसशी काय संबंध?

अबोली: घाटावरच्या गुरुजींचा तरी असतो का?

टवाळखोर: गुरुजी दक्षिणा घेतात, हा पगार घेतो. फिट्टंफाट.

रोखठोक: असू दे. माझं म्हणणं एवढंच, की न वाचता गोळी चघळत पुढे गेला त्याने शोक केला असं मी मानणार नाही. @शिकागोकर, पाटी ढिगाच्या आधी लागते की नंतर?