जुली कोरी म्हणून घेतलेले मासे नक्की कोणते? आणि मे महिन्यात पाणी ३३ अंशांवर

दोनफुटी_टँक (नागपूर):
'जुली कोरी' (तळाशी वावरणारा, मिशा असलेला छोटा मासा) म्हणून सहा मासे घेतले, साडेतीन सेंमीचे. डोक्यावर सुटे ठिपके नाहीत, नागमोडी रेषा आहेत. टँक ६० × ३० × ३० सेंमी, तळाशी खडी, एक स्पंज फिल्टर. दुपारी पाणी ३३ अंशांवर जातं, मासे सारखे वर येऊन हवा घेतात. जुलीच आहेत का? सध्या बर्फाच्या बाटल्या टाकतोय.

मिशीवाला:
जुली नाहीत, ट्रायलिनिएटस, म्हणजे तशीच दिसणारी दुसरी कोरी. बाजारात जुली म्हणून येणारे बहुतेक हेच. खऱ्या जुलीच्या डोक्यावर ठिपके सुटे असतात, ट्रायलिनिएटसचे एकमेकांत मिसळून जाळी होते. पाठीच्या परावरचा काळा डाग दोघांनाही असतो, त्यावरून काही ठरत नाही. सहाही मासे बघा, एखाद्याच्या रेषा तुटक असतात. जुली ईशान्य ब्राझीलचा, ट्रायलिनिएटस पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातला. २०२४ च्या वर्गीकरणात दोघंही कोरिडोरास गटातून (कोरी हे नाव त्यावरूनच) हॉप्लिसोमा गटात गेले, पण दुकानदार कोरीच म्हणणार. पाळण्यात फरक नाही. जुलीचा भाव दिला असेल तर तेवढाच फटका.

कन्हानकाठ:
भाऊ, आधी बर्फ बंद करा. दुपारी पाणी झपकन उतरतं, बर्फ वितळला की परत चढतं, त्या हेलकाव्याने मासा जास्त खचतो. झाकण काढून १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर तिरपा लावा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत २ ते ४ अंश सहज उतरतात. जुलैत हवा दमट झाली की तोच पंखा कुचकामी, पण तोवर उन्हाळाही सरलेला असतो.

वाफ होऊन घटलेलं पाणी आरओचं भरा, कारण क्षार टँकमध्येच राहतात. आठवड्याचा २५ टक्के पाणीबदल मात्र क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्याने. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट ओतलं तर मासे उकडतील. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा.

कोरी आतड्यातूनही हवा घेते, अधूनमधून वर झेप घेणं तिच्या स्वभावातच आहे. सारखी येत असेल तर ऑक्सिजन कमी पडतोय. एअर पंप रात्रीही चालू ठेवा, खाणं निम्मं करा. गरम पाण्यात अमोनियाही जास्त घातक.

रेती_चाळणी:
खडीबद्दल कोणी बोललंच नाही! तिच्या फटीत अन्न कुजतं आणि मिशा झडतात. कन्हान नदीची रेती चाळा, रव्याएवढे दाणे घ्या, पाणी नितळ येईस्तोवर धुवा. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको. अडीच सेंमी थराला साधारण सात किलो लागेल. खडी काढताना मासे वाटीने उचला, कल्ल्यामागचे काटे जाळीत अडकतात.

दोनफुटी_टँक:
झाकण काढल्यावर बाहेर उडी मारणार नाहीत ना?

कन्हानकाठ:
मारू शकतात. पाणी काठापासून ५ सेंमी खाली ठेवा, वर मच्छरदाणीचा तुकडा चिमट्यांनी ताणून लावा. वाऱ्याला अडसर होत नाही.