कम्प्युटेशनल डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशन: पदव्युत्तर प्रवेशासाठी तयारी कशी करावी?

प्रश्न
वास्तुकलेची पदवी घेऊन मी तीन वर्षे नोकरी करत आहे. आता कम्प्युटेशनल डिझाइन (संगणकाला नियम देऊन आकार रचणे) आणि डिजिटल फॅब्रिकेशन (त्या फाइलवरून यंत्राकडून वस्तू घडवणे) यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे. ग्रासहॉपर (ठोकळे जोडून आकारांची स्क्रिप्ट तयार करण्याचे सॉफ्टवेअर) स्वतःच शिकलो असून त्यात जाळ्या, वक्र छते असे बरेच काही रचतो. परंतु त्यांपैकी एकही काम पडद्याबाहेर आलेले नाही आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येते. अर्जापूर्वी प्रोग्रॅमिंग पक्के करावे की पोर्टफोलिओवर भर द्यावा? अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे?

पहिले उत्तर
दहा सुंदर रेंडर (संगणकावर बनवलेली चित्रे) दाखवण्यापेक्षा एकच वस्तू पूर्ण आकारात बनवा, मग ती साधे स्टूल का असेना. माझ्या पहिल्या कामात फळ्या एकमेकींत अडकवण्याच्या सगळ्या खाचा मी १८ मिलिमीटरच्या धरल्या होत्या. प्रत्यक्षात आलेले प्लायवूड कॅलिपरने मोजले तेव्हा ते १७.४ भरले, शिवाय राउटरचे (लाकूड कापणाऱ्या यंत्राचे) पाते गोल फिरत असल्यामुळे खाचांचे आतले कोपरे काटकोनात कापले गेलेच नाहीत. परिणामी सांधे कोपऱ्यांत अडत होते आणि कसेबसे बसवले तरी डुगडुगत होते. शेवटी फळीची मोजलेली जाडी आणि पात्याची त्रिज्या या दोन्ही गोष्टी स्क्रिप्टमध्ये बदलता येतील अशा ठेवून सगळे नव्याने कापले. मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न आले ते फसलेल्या सांध्याच्या त्या एका पानावर.

दुसरे उत्तर
निवडीबाबत लिहितो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात ग्रामाझिओ आणि कोलर या वास्तुविशारदांनी २००५ मध्ये वास्तुकलेसाठी रोबॉटची प्रयोगशाळा उभारली आणि पुढच्याच वर्षी गांटेनबाइन वाइनरीच्या भिंतींसाठी सुमारे २०,००० विटा रोबॉटकरवी, प्रत्येक वीट ठरावीक कोनात वळवून रचल्या. तेथील डिजिटल फॅब्रिकेशनचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. श्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात वास्तुविशारद आणि अभियंते एकत्र शिकतात. तेथे २०११ मध्ये सागरी साळूच्या कवचावरून बेतलेला मंडप अवघ्या ६.५ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये उभा राहिला. मात्र नावापेक्षा एक गोष्ट आवर्जून विचारा: यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात, की फाइल देऊन तंत्रज्ञाची वाट पाहतात? माझ्या मते सारा फरक तिथेच पडतो.

तिसरे उत्तर
वरील मतांशी सहमत आहे, तरी प्रोग्रॅमिंग मागे ठेवू नये असे मला कळकळीने वाटते. रोबॉटला केवळ बिंदू देऊन भागत नाही. त्या बिंदूपाशी हत्याराचा रोख कोणता असावा हेही सांगावे लागते, म्हणून मार्गावरील प्रत्येक ठिकाणी एक प्रतल (जागा आणि दिशा दोन्ही सांगणारी सपाट चौकट) द्यावे लागते. सदिश (दिशा आणि लांबी असलेल्या राशी) आणि निर्देशक-चौकटींचे रूपांतरण (एका चौकटीतील मापे दुसरीत मांडणे) समजले नसेल, तर सिम्युलेशनमध्ये रोबॉटचा हात अचानक उलटा का वळला याचा उलगडाच होत नाही. एवढे गणित आधी करावे. पायथन त्याच्याबरोबर येत जाईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. स्टुलापासूनच सुरुवात करतो आणि त्याच्या खाचांची स्क्रिप्ट ग्रासहॉपरऐवजी पायथनमध्ये लिहितो. सांधे बसले किंवा फसले, तरी मोजमापांसह येथे कळवीन.